ओळखचोराला चकवायचं, तर आधी काय आणि मग काय

माझे मामा नाशिकच्या इंदिरानगरला राहतात. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी त्यांच्या मोबाईलची रेंज गेली. टॉवरचा घोळ असेल म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून दिला. रविवारी रात्री त्यांची मुदत ठेव ऑनलाइन मोडली गेली, पैसे बचत खात्यात आले आणि तिथून तीन खेपांत बाहेर पडले. सोमवारी मामा आधी बँकेच्या शाखेत गेले, मग पोलीस ठाण्यात आणि सगळ्यात शेवटी, संध्याकाळी, मोबाईल कंपनीच्या दुकानात. तिथे कळलं की शनिवारीच कुणीतरी त्यांच्या नावाने त्याच नंबरचं नवं सिम काढलं होतं, म्हणून जुनं बंद पडलं.

मामांनी करायचं ते सगळं केलं. क्रम तेवढा उलटा झाला. नवं सिम सुरू झालं की त्यावर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे, आणि तो अशा चोरीला अटकाव म्हणूनच केलेला आहे. म्हणजे शनिवार दुपार ते रविवार दुपार एवढा वेळ मामांच्या हातात होता. नात्यात आणि सोसायटीत अशी प्रकरणं निस्तरायला बसलो की हेच पुन्हा पुन्हा दिसतं: माणूस घाबरतो आणि जे दार ओळखीचं असतं तिकडे आधी धावतो. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. चोराला चकवायचं म्हणजे फोनवर त्याच्याशी हुज्जत घालायची किंवा त्याला खेळवायचं, असं नाही. तो एकटा नसतो, त्याच्यामागे टोळी असते आणि तुमचा पत्ता बहुधा त्याच्यासमोर लिहिलेला असतो. त्याला तीन गोष्टी लागतात: तुमचे कागद, तुमचा नंबर आणि तुमची घाई. कागद तर आपण आजवर ठिकठिकाणी वाटून बसलोय, ते परत मिळणार नाहीत. नंबर आणि घाई मात्र अजून आपल्या ताब्यात आहे.

तयारी: एक निवांत रविवार काढा

टप्पा १: एक कागद लिहा

वही घ्या, मोबाईल नको. वेळ येईल तेव्हा मोबाईलच बंद असेल. एका पानावर हाताने लिहा:

– प्रत्येक बँकेचा कार्ड आणि खातं बंद करण्याचा नंबर. तो कार्डाच्या मागून किंवा पासबुकातून घ्या.
– मोबाईल कंपनीचा असा नंबर, जो दुसऱ्या कंपनीच्या फोनवरूनही लागतो.
– १९३०, सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन.
– १९४७, आधारची हेल्पलाइन.
– फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक. *#०६# डायल केलं की तो स्क्रीनवर येतो.

पिन, पासवर्ड किंवा पूर्ण आधार क्रमांक या कागदावर लिहू नका. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

थांबा: बँकेचा नंबर गूगलवर शोधून लिहू नका. खोटे कस्टमर केअर नंबर नेमके तिथेच पेरलेले असतात.

टप्पा २: तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा

सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा ॲपवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरच्या सगळ्या मोबाईल जोडण्यांची यादी दिसते. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम असू शकतात. अनोळखी नंबरापुढे ‘माझा नंबर नाही’ हा पर्याय निवडून तक्रार करता येते.

इथली नेहमीची चूक म्हणजे यादीतले नंबर पूर्ण दिसत नाहीत, माणूस गडबडतो आणि आईला किंवा गावाकडच्या काकांना आपणच घेऊन दिलेलं सिम ‘माझं नाही’ म्हणून मोकळा होतो. काही दिवसांनी काकांचा फोन बंद पडतो. आधी घरातल्या सगळ्यांचे नंबर कागदावर मांडा, शेवटचे आकडे जुळवा आणि मगच बटण दाबा.

सिमला पिनही लावा. फोन चोरीला गेला तर तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून चोराला ओटीपी मिळणार नाहीत. कंपनीने दिलेला मूळ पिन आधी विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि मग ते उघडणारा पीयूके क्रमांक कंपनीकडे मागावा लागतो. कंपनीकडून नवं सिम काढून केलेली चोरी मात्र या पिनने थांबत नाही.

टप्पा ३: ईमेल आणि व्हॉट्सॲप

बँकेचा, आयकराचा, डिजिलॉकरचा पासवर्ड विसरलात तर नवा कुठे येतो? ईमेलवर. म्हणून ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी. सेटिंगमध्ये जाऊन तुमची मेल परस्पर कुठे ‘फॉरवर्ड’ होत नाही ना, तेही बघा. हे कुणीच बघत नाही.

व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी संगणक दिसला तर काढून टाका.

टप्पा ४: आधारला कुलूप

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आधारला दोन वेगवेगळी कुलुपं आहेत आणि लोक एक लावून दोन्ही लावल्यासारखे निर्धास्त होतात.

पहिलं कुलूप बायोमेट्रिकचं. हे लावलं की बोटाचा ठसा, डोळा किंवा चेहरा वापरून तुमच्या आधारवर काहीही होत नाही. आपल्याकडे प्रत्येक खरेदीखतावर, गहाणखतावर फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात, बरोबर आधार-पॅनच्या प्रती असतात, आणि त्या कागदांच्या नकला कितीतरी हातांतून फिरतात. अशा ठशांवरून रबरी किंवा सिलिकॉनचे अंगठे करून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं देशात घडली आहेत. तिथे ओटीपी लागतच नाही. ज्यांनी शेत, प्लॉट किंवा फ्लॅटचे व्यवहार केलेत त्यांनी हे कुलूप आजच लावावं. रेशन घेताना किंवा सिम घेताना ठसा द्यावा लागला तर थोड्या वेळापुरतं उघडता येतं.

पण या कुलपाने ओटीपीवरचा वापर थांबत नाही. त्यासाठी दुसरं कुलूप, आधार क्रमांकाचंच. ते लावल्यावर १२ आकडी क्रमांक टाकून पडताळणी होत नाही, त्याऐवजी १६ आकडी व्हर्च्युअल आयडी द्यावा लागतो.

थांबा: आधी व्हर्च्युअल आयडी तयार करून लिहून घ्या, मग क्रमांक लॉक करा. उलट केलंत तर ऐन कामाच्या वेळी अडाल.

तपासा: आधारच्या साइटवर ‘ऑथेंटिकेशन हिस्ट्री’ असते. तुमचा आधार कधी आणि कशाने तपासला गेला ते तिथे दिसतं. ज्या दिवशी तुम्ही दिवसभर कांद्याची गाडी घेऊन लासलगावला होतात, त्या दिवशी ठशाची नोंद दिसली तर ती तुमची नाही.

टप्पा ५: झेरॉक्स देताना

मध्यंतरी सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) एका दुकानात प्रिंट काढायला गेलो होतो. काउंटरवरच्या संगणकात व्हॉट्सॲप उघडं होतं. डावीकडे अनोळखी नंबरांची रांग आणि मधोमध कुणा बाईंचं आधार दोन्ही बाजूंनी, खाली पॅन, त्याखाली रद्द केलेला चेक. माझ्या मागे पाच जण उभे होते आणि सगळ्यांना ते ठळक दिसत होतं. दुकानदार चांगला माणूस होता, सांगितल्यावर त्याने माझी फाइल काढून टाकली. पण ती फक्त चॅटमधून. ‘डाउनलोड्स’मध्ये ती तशीच होती, त्याखाली बाकीच्यांच्या शेकडो. मी आग्रह धरला तेव्हा तिथूनही गेली, आणि मग रिसायकल बिनमधूनही. ही तिन्ही ठिकाणं लक्षात ठेवा.

बाकी नियम असे:

– लॉजला, सोसायटीला, कुरिअरवाल्याला ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २०२७च्या सिंहस्थासाठी पंचवटीत आणि त्र्यंबकला खोल्या देणारे-घेणारे सगळेच कागद मागतील, तेव्हा तर नक्की.
– प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख आणि सही. अक्षरं मजकुरावरून जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.
– अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला लागताना ठेकेदार तीन-तीन संच मागतो. एकच द्या, वर लिहून द्या.
– ई-आधारची पीडीएफ पासवर्ड असल्यामुळे सुरक्षित आहे असं समजू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हा तो पासवर्ड. तुमचं नाव आणि वय माहीत असलेल्या कुणालाही तो येतो.

टप्पा ६: तुमच्या नावावर आधीच काही झालंय का

सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. लोक फक्त स्कोअर बघतात. तुम्ही ‘एन्क्वायरी’चा भाग वाचा. तुम्ही न मागितलेल्या कर्जासाठी एखाद्या कंपनीने चौकशी केली असेल तर ती तिथे दिसते. कर्ज मंजूर झालं नसलं तरी दिसते. चोराने दार वाजवल्याची ती खूण असते.

जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून त्यावर किती नोंदण्या आहेत तेही बघा. पगारदार माणसाच्या पॅनवर कुठल्यातरी परराज्यातली ट्रेडिंग कंपनी निघू शकते. आयकराच्या साइटवरच्या वार्षिक माहिती पत्रकात अनोळखी उत्पन्न दिसलं तर तेही सोडू नका.

कॉल आला तर

टप्पा ७: घाई त्याची आहे, तुमची नाही

कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, दोन तासांत नंबर बंद होणार, वीज कापणार. गोष्ट कुठलीही असो, शेवटी वेळ संपत आलेली असते. ‘कुणाला सांगू नका’ हे वाक्य आलं की समजून जा. डिजिटल अटक नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून बसलेला माणूस पोलीस नाही.

वाक्य एकच: “मी स्वतः ठाण्यात येऊन बोलतो.” एवढं म्हणून फोन ठेवा. पुढचं ऐकू नका. त्याने पुन्हा केला तरी उचलू नका आणि घरातल्या एकाला लगेच सांगा.

या तीन गोष्टी कुणाच्याही सांगण्यावरून करायच्या नाहीत:

– *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल करणं. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात. चुकून केलाच असेल तर ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग रद्द करा.
– व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडणं. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी ती येते आणि एसएमएस वाचायची परवानगी घेते.
– स्क्रीन शेअर करणं.

घरात एक परवलीचा शब्दही ठरवा. मुलाच्या आवाजात “बाबा, अपघात झालाय, पैसे टाका” असा फोन आला तर तो शब्द विचारायचा. आमच्याकडे आजोळच्या गाईचं नाव आहे. ते कुठल्याच कागदावर नाही.

पहिला तास

टप्पा ८: चोरी होतेय असं वाटताच

आधी दोन मिनिटांत ओळखा. फोन बंद करून चालू करा. शेजारी त्याच कंपनीची रेंज आहे का विचारा. दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला रिंग द्या. शेजारच्याला रेंज आहे, तुमच्या नंबरवर रिंग जातेय आणि तुमचा फोन मुका आहे, तर सिम तुमच्याकडे राहिलेलं नाही. ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

यापुढचं सगळं दुसऱ्या फोनवरून करा. एपीके उघडली असेल तर तुमचा फोन विमान मोडवर टाका. त्याच फोनवरून पासवर्ड बदललेत तर नवा पासवर्डही चोराला दिसू शकतो.

आता क्रम दोन प्रकारे लागतो.

रेंज गेली आहे, पैसे अजून गेलेले नाहीत:

१. मोबाईल कंपनी. “माझ्या नंबरचं सिम मी बदललेलं नाही, नंबर आत्ता बंद करा.” तक्रार क्रमांक घ्या.
२. प्रत्येक बँक. फक्त कार्ड बंद करून थांबू नका. नेट बँकिंग, यूपीआय आणि खात्यातून होणारा सगळा खर्च थांबवायला सांगा. मामांच्या प्रकरणात चोराला कार्ड लागलंच नाही, पैसे ठेव मोडून गेले.
३. ईमेलचा पासवर्ड.
४. कंपनीच्या अधिकृत दुकानात जाऊन स्वतःचं सिम परत मिळवा. रिचार्जच्या टपरीवर नाही. बायोमेट्रिक लॉक असेल तर ठसा चालणार नाही आणि उघडायचा ओटीपी बंद नंबरवर जाईल, म्हणून पासपोर्ट किंवा वाहन परवान्याची मूळ प्रत बरोबर न्या आणि अडचण आधीच सांगा.

पैसे गेले आहेत:

१. १९३०. सगळ्यात आधी. तिथून पैसा ज्या ज्या खात्यांत पुढे सरकतोय तिथे तो अडवण्याचा प्रयत्न होतो. चोर रक्कम लगेच चार-पाच खात्यांत फोडतो, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.
२. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला बँकेला फोन लावायला सांगा.
३. मग मोबाईल कंपनी आणि बाकीचं वरच्या क्रमाने.

तपासा: बँकेला कळवल्याची वेळ तुमच्याकडे लेखी आहे का? रिझर्व्ह बँकेच्या २०१७पासूनच्या नियमाप्रमाणे तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच्या घोळामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर. म्हणून ती वेळ महत्त्वाची. ओशाळून गप्प बसणाऱ्यांचं नुकसान सगळ्यात मोठं होतं, हे मी जवळून पाहिलंय.

थांबा: फोन फॅक्टरी रीसेट करू नका, चॅट पुसू नका. तोच पुरावा आहे.

तक्रार आणि त्यानंतर

टप्पा ९: कागदावर आणा

१९३०वर बोललात म्हणजे काम झालं असं नाही. त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा.

पोलिसांकडे जाताना एका पानाचा घटनाक्रम न्या: तारीख, वेळ, काय झालं, कुणाला कळवलं, तक्रार क्रमांक. भावना नकोत, वेळा हव्यात. ‘माझी ओळख वापरून’ हे शब्द स्पष्ट लिहा, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी (66C) नेमकं त्यासाठी आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या.

नाशिक शहर आयुक्तालय वेगळं आणि निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला हा ग्रामीण पोलिसांचा भाग वेगळा. बँक कॉलेज रोडला, घर पिंपळगावला, म्हणून माणूस दोन्हीकडे हेलपाटे घालत राहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्यात देता येते. शांतपणे, त्या कलमाचं नाव घेऊन विनंती करा. नोंद झालीच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर आयुक्तालयात, लेखी द्या.

टप्पा १०: नावावरचं कर्ज उतरवणं

हा टप्पा लांबतो आणि इथेच लोक दमून सोडून देतात. मामांच्या पॅनवर एका कंपनीचं कर्ज निघालं. वसुलीवाले रोज फोन करायचे. कंटाळून मामा म्हणाले, “दोन हप्ते भरून टाकू, पिडा जाईल.” भरू नका. एक हप्ता भरलात की कर्ज आपलंच आहे असं तुम्ही कबूल केल्यासारखं होतं.

त्याऐवजी कंपनीला ईमेलने लिहा: हे कर्ज मी घेतलेलं नाही, केवायसीची कागदपत्रं, वापरलेला फोटो, मोबाईल क्रमांक आणि रक्कम कोणत्या खात्यात गेली ते कळवा. सोबत पोलीस तक्रारीची पोच जोडा. आमच्या प्रकरणात फोटो मामांचा होता, पण मोबाईल क्रमांक त्यांचा कधीच नव्हता. तेवढ्या एका ओळीवर बाजू फिरली.

त्याच दिवशी क्रेडिट संस्थांकडेही हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. बँक किंवा कर्ज कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ती फुकट असते, वकील लागत नाही.

थांबा: या काळात एक फोन नक्की येईल. “तुमचे पैसे सापडले, सोडवायला एवढी फी भरा.” सायबर सेलचं नाव सांगतील, तुमचा तक्रार क्रमांकही सांगतील. तो चोरच आहे, किंवा ज्याला चोराने तुमची माहिती विकली तो.

कर्ज रद्द झाल्याचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. महिनाभराने चारही रिपोर्ट पुन्हा काढा. एकीकडून नाव निघतं आणि दुसरीकडे तसंच राहतं, हे नेहमीचं. मामांचं चौथ्या रिपोर्टमधून निघायला चार महिने आणि सहा ईमेल लागले. ते पत्र आता त्यांच्या कपाटात, दाराला चिकटवलेल्या कागदाच्या मागेच ठेवलेलं आहे.